परदेशी नोंदवहीत नाव

आजारी माणसाची नाडी रोह्यात मोजली काय किंवा लंडनमध्ये मोजली काय, मोजण्याची रीत एकच असते. पण ती मोजण्याचा कायदेशीर अधिकार प्रत्येक देश आपापल्या नोंदवहीतून देतो आणि एका देशाची नोंदवही दुसऱ्या देशात चालत नाही. ही व्यवस्था फार जुनी नाही. परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा जगात प्रथम न्यूझीलंडने १९०१ साली केला, ब्रिटनमध्ये तसा कायदा १९१९ साली झाला, मुंबई इलाख्यात १९३५ साली झाला आणि १९४७ च्या अधिनियमाने अखिल भारतीय पातळीवर भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रात आज नोंदणीचे काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद पाहते. शिकलेल्या परिचारिकेचे नाव या परिषदेच्या वहीत चढले की तिला राज्यात काम करता येते. परदेशात मात्र तिथली परिषद तिला जवळजवळ नवखी समजते आणि तिचे शिक्षण, नोंदणी, भाषा व हातातले कौशल्य या चारही गोष्टी पुन्हा तपासून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका असूनही ५८ लाखांची तूट आहे आणि दर सात परिचारिकांमागे एक जण दुसऱ्या देशात जन्मलेली आहे. मागणी इतकी मोठी असताना तपासणी एवढी कडक का, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की तूट ही रुग्णालयाची अडचण असते, तर नोंदवही ही रुग्णाला दिलेली हमी असते, आणि ती हमी देणारी परिषद रुग्णालयांची भरतीसंस्था नसते.

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या गावांकडून पाहिले तर या तपासणीचा बराचसा निकाल परीक्षेच्या पुष्कळ आधी, बारावीनंतरच्या पहिल्याच निवडीत लागून गेलेला असतो. दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालये आहेत, भोवती प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे आहेत, आणि लोकांच्या तोंडी या सर्व ठिकाणी काम करणारी स्त्री ही सरसकट ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ असते. सरकारी दप्तरात मात्र तिच्या पायऱ्या वेगळ्या आहेत: वॉर्डात काम करते ती अधिपरिचारिका, वॉर्डाची जबाबदारी सांभाळते ती परिसेविका, आणि संपूर्ण परिचर्या विभागाची प्रमुख ती अधिसेविका, म्हणजे जुन्या भाषेतली मेट्रन. शिक्षणाच्याही तीन पायऱ्या आहेत. एएनएम हा साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः उपकेंद्रातील माता-बाल आरोग्य, लसीकरण आणि प्रसूतीच्या कामासाठी आखलेला आहे. जीएनएम ही सामान्य परिचर्या व प्रसविकाशास्त्राची तीन वर्षांची पदविका आहे, जी काही वर्षांपूर्वीपर्यंत साडेतीन वर्षांची होती. आणि बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे, जी राज्यातील बहुतेक महाविद्यालयांत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. परदेशातील ‘रजिस्टर्ड नर्स’ या पदासाठी एएनएम गृहीत धरली जात नाही, ही गोष्ट गावात फार कमी घरांना वेळेवर कळते. दोन वर्षांत हाताला काम मिळते म्हणून मुलीला एएनएमला घालणारे घर चुकत नसते, कारण जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेचा मोठा भार त्याच मुली उचलतात. पण पुढे परदेशाचा विचार आला की तिला आधी जीएनएम आणि हवी तर त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी अशी चढण चढावी लागते.

अलिबागचे जिल्हा रुग्णालय, पनवेल तालुक्यातील कामोठे आणि खाडीपलीकडचे बेलापूर-नेरूळ ही या दोन गावांतील मुलामुलींची नेहमीची शिक्षणाची ठिकाणे आहेत, आणि कोकण रेल्वेचे शून्य किलोमीटर ज्या रोह्यात आहे तिथली परिचर्येची विद्यार्थिनी दक्षिणेकडे क्वचितच वळते, तिची गाडी पनवेल-दिव्याकडेच जाते. तिथे शिकत असताना तिच्या नावावर जमा होत असलेली खरी पुंजी म्हणजे गुणांपेक्षाही तास. परदेशी परिषद जेव्हा ‘ट्रान्सक्रिप्ट’ मागते तेव्हा तिला गुणपत्रिका नको असते. कोणत्या विषयाचे किती तास वर्गात शिकवले आणि किती तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ काम करून घेतले, याचा महाविद्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेला तपशील हवा असतो. अमेरिकेसाठी कागद तपासणारी संस्था प्रौढांचे औषधोपचार, शस्त्रक्रिया, माता व नवजात, बालके आणि मानसिक आरोग्य या प्रत्येक विभागात वर्गातले आणि वॉर्डातले असे दोन्ही प्रकारचे तास शोधते, आणि एक रकाना रिकामा असला तरी अर्ज थांबतो. पूर्वी जीएनएमच्या पुरुष विद्यार्थ्यांना प्रसविकाशास्त्राऐवजी दुसरा विषय दिला जात असे; त्या काळात शिकलेल्या अनेक ‘ब्रदर’ मंडळींना वीस वर्षांच्या अनुभवानंतरही तो एक रकाना नडला. मुंबई परिसरातील विद्यार्थ्यांना मनोरुग्ण परिचर्येसाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवले जाते, आणि तिथल्या त्या आठवड्यांकडे ‘एक पोस्टिंग’ म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थिनीला आपण तिथे परदेशी अर्जातला एक रकाना भरत आहोत याची जाणीव सहसा नसते. बीएस्सीचा अभ्यासक्रम अलीकडे सत्र आणि श्रेयांक पद्धतीवर गेल्यामुळे श्रेयांकांचे पुन्हा तासांत रूपांतर करून देण्याचे काम महाविद्यालयाच्या कचेरीवर आले आहे, आणि ते नीट करून देणारा लेखनिक हा अशा वेळी प्राध्यापकाइतकाच मोलाचा ठरतो.

तासांनंतर येते ते नाव, आणि मराठी नावाइतका गोंधळ परदेशी संगणकात दुसरी कोणतीही गोष्ट घालत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रावर आडनावाचा रकाना वेगळा आणि स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून दुसरा रकाना असतो. परिषदेच्या नोंदणीवर तिसराच क्रम येऊ शकतो. लग्नानंतर माहेरच्या पाटलांची मुलगी सासरी म्हात्रे झाली की वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि तीनपैकी दोन शब्द बदलतात, म्हणजे परदेशी तपासनिसाच्या दृष्टीने शिकलेली बाई एक आणि अर्ज करणारी बाई दुसरी ठरते. रोमन लिपीतले स्पेलिंग हा त्यावरचा कळस असतो: ‘दीपक’मधला दीर्घ ईकार एका कागदावर दोन अक्षरांनी आणि दुसऱ्यावर एका अक्षराने लिहिलेला असतो, आणि वडिलांच्या नावातील त्या एका अक्षरापायी महिनोन् महिने जातात. यावरचे उपाय ठरलेले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देणे, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडणे, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करणे, आणि मुख्य म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतच नाव दुरुस्त करून घेणे, हे ते उपाय होत. पण हे सगळे लग्नाच्या वर्षी केले तर एक काम असते आणि नोकरीचे पत्र हातात आल्यावर केले तर ती धावपळ असते. पेणच्या गणेशमूर्ती वर्षानुवर्षे समुद्रापार जात आहेत आणि कोणत्याही देशाने गणपतीला वडिलांच्या नावाचे स्पेलिंग विचारलेले नाही. पेणच्या परिचारिकेचे भाग्य तेवढे थोर नाही.

या सर्व कागदांना लागू असलेले तत्त्व म्हणजे मूळ स्रोताकडून पडताळणी. उमेदवाराने स्वतः आणून दिलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास न ठेवता ते देणाऱ्या विद्यापीठाला, परिषदेला आणि रुग्णालयाला थेट विचारायचे, असा त्याचा अर्थ आहे. आखाती देशांसाठी हे काम मुख्यतः डेटाफ्लो ही कंपनी करते, अमेरिकेसाठी १९७७ साली स्थापन झालेली सीजीएफएनएस ही संस्था करत आली आहे, आणि दोघींच्या चौकशीला महाराष्ट्र परिचर्या परिषदेला उत्तर द्यावे लागते. नोंदणी चालू आहे आणि परिचारिकेविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई नाही असे सांगणाऱ्या पत्राला ‘गुड स्टँडिंग’ म्हणतात आणि ते परिषदेकडून परस्पर जावे लागते. शिक्षण आणि नोंदणी यांचे पुरावे त्यामानाने सरळ असतात. अनुभवाचे पत्र खरे अडते. तालुक्याच्या गावातील दहा-पंधरा खाटांच्या खासगी दवाखान्यात तीन वर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या परिचारिकेला डॉक्टर आनंदाने पत्र देतात, पण नेमणुकीचे पत्र कधी दिलेलेच नसते, पगार रोख हातात दिलेला असतो, आणि परदेशातून आलेला चौकशीचा ईमेल डॉक्टरांच्या खासगी पत्त्यावर जाहिरातींच्या गर्दीत पडून राहतो. मुदत संपली की अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा पडतो. खोटेपणाचा तो शेरा नसतो, पण परिणाम जवळपास तोच होतो.

रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्याचे आखाताशी नाते पिढ्यांचे असल्याने तिकडचा मार्ग इथल्या लोकांना परका वाटत नाही. तिथे पडताळणीनंतर संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा असते, जिला ती घेणाऱ्या कंपनीच्या नावावरून सगळे ‘प्रोमेट्रिक’ म्हणतात, आणि दुबई, अबू धाबी, सौदी अरेबिया, ओमान, कतार यांचे परवाना देणारे अधिकारी वेगवेगळे असल्याने एकाची परीक्षा दुसऱ्याकडे चालेलच असे नाही. या मार्गावर भारत सरकारनेही एक दार बसवले आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली आखातासह अठरा देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांना सरकारी मंजुरी लागते, दहावी झालेल्यांना ती लागत नाही. पण कुवेतमधील भरतीच्या नावाखाली केरळातील परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे उघडकीला आल्यावर २०१५ पासून परिचारिकांना, त्या कितीही शिकलेल्या असल्या तरी, ही मंजुरी सक्तीची करण्यात आली आणि भरती प्रामुख्याने नोर्का रूट्स आणि ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांमार्फत व्हावी असे ठरले. या दोन्ही संस्था केरळ सरकारच्या आहेत, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. नोंदणीकृत खासगी भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर एवढेच घेता येतात. त्याहून मोठा आकडा सांगणारा माणूस कायद्याच्या बाहेर उभा आहे एवढे ओळखायला हा आकडा पुरेसा आहे.

ब्रिटनची परीक्षा दोन भागांत आहे आणि तिच्यातून परिचर्येची तिथली कल्पना स्पष्ट दिसते. पहिला भाग संगणकावरचा असून तो मुंबईतील केंद्रात देता येतो. त्यात औषधांच्या हिशेबाचे पंधरा आणि परिचर्येचे शंभर प्रश्न असतात. हिशेब अवघड नसतो, पण तो कागदावर मांडण्याची सवय हवी. ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे असेल आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर एकूण १०,००० थेंब ४८० मिनिटांत पडायचे, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. अनुभवी सिस्टर हे गणित न करताच घड्याळाकडे पाहून नळीवरचे चाक फिरवते आणि थेंब बरोबर पडू लागतात. ब्रिटनच्या वॉर्डात बहुधा यंत्र लावलेले असते आणि त्यात तासाला ६२.५ मिलिलिटर हा आकडा भरायचा असतो, म्हणून परीक्षाही त्याच भाषेत विचारते. लहान मुलांच्या बारीक नळीत एका मिलिलिटरला ६० थेंब पडतात, त्यामुळे मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलिलिटर यांचे आकडे नेमके सारखे येतात, ही गंमत इथल्या बालरुग्ण वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेला आधीपासून ठाऊक असते आणि तिथे उपयोगी पडते.

दुसरा भाग, ज्याला ऑस्की म्हणतात, ब्रिटनमध्ये गेल्यावरच देता येतो. त्यात दहा टप्पे असतात: चार टप्प्यांत एका रुग्णाची पाहणी, नियोजन, अंमल आणि मूल्यमापन करायचे असते, चार टप्प्यांत हाताची कौशल्ये दाखवायची असतात आणि दोन लेखी असतात. येथे नापास होणाऱ्या चांगल्या परिचारिकांचे हात क्वचितच चुकतात. चुकते ते न बोललेले वाक्य. औषध देण्यापूर्वी रुग्णाला त्याचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहणे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारणे, आणि काय करणार आहोत ते सांगून त्याची संमती घेणे, हे प्रत्येक वेळी मोठ्याने करावे लागते, समोर बाहुला असला तरीही. तालुक्याच्या रुग्णालयात ‘सात नंबरच्या आजी’ एवढी ओळख पुरते, नाव विचारले तर उत्तर सून देते, जन्मतारखेऐवजी ‘मोठ्या पुराच्या साली’ असा हिशेब मिळतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाची संमती घेत बसायला उसंत नसते. ही अडचण ज्ञानाची नाही, सवयीची आहे. पण सवय ज्ञानापेक्षा उशिरा बदलते, म्हणून ही तयारी इथल्या वॉर्डातच सुरू केलेली बरी.

भाषेची अट याहूनही अधिक जणींना अडवते. ब्रिटनच्या परिषदेला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात, किंवा ओईटी या आरोग्य क्षेत्रासाठीच्या परीक्षेत त्या तुलनेची श्रेणी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या परिचारिकेला ओईटी बहुधा जवळची वाटते, कारण तिच्यात लेखनासाठी रुग्णाची टिपणे देऊन पुढच्या रुग्णालयाला किंवा घरी येणाऱ्या परिचारिकेला पत्र लिहायला सांगतात, आणि संभाषणात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग रंगवायचे असतात. तरीही कस लागतो. रोजच्या नोंदी तुटक इंग्रजीत लिहायची सवय असलेल्या हाताला, टिपणांतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवून सलग परिच्छेद लिहायचा असतो, आणि अनावश्यक माहिती भरली तरी गुण जातात.

अमेरिकेच्या एनक्लेक्स परीक्षेची रचना वेगळीच आहे. उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरावरून संगणक तिच्या क्षमतेचा अंदाज बांधतो आणि पुढचा प्रश्न त्या बेताचा देतो. ती उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते, म्हणून कुणाला ८५ प्रश्न येतात तर कुणाला १५०. ‘पंच्याऐंशीवर बंद पडली म्हणजे पास’ ही विद्यार्थ्यांमधली समजूत निराधार आहे, कारण खात्री दोन्ही बाजूंनी होऊ शकते. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत एकाच रुग्णाची हकिकत उलगडत जाणारे प्रश्न आले असून त्यांत अंशतः बरोबर उत्तरालाही गुण मिळतात. पण एनक्लेक्स उत्तीर्ण होणे म्हणजे अमेरिकेला जाणे नव्हे: परवाना एकेका राज्याचे मंडळ देते, व्हिसासाठी शिक्षण, परवाना व इंग्रजी यांचे वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी त्या व्हिसाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ऑस्ट्रेलियाही हीच एनक्लेक्स मागते आणि नंतर ॲडलेडमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा घेते, त्यामुळे एका तयारीत दोन दारे उघडतात.

जर्मनीचा मार्ग महाराष्ट्रासाठी अलीकडे विशेष महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी सुमारे दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे. जर्मनीत सर्वांसाठी एकच प्रवेशपरीक्षा नाही. तिथले अधिकारी भारतीय अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून कमी काय पडते याचे लेखी पत्र देतात, आणि उमेदवार ती उणीव एकतर ज्ञानपरीक्षा देऊन किंवा रुग्णालयात काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण घेऊन भरून काढते. तोवर तिला साहाय्यक म्हणूनच काम मिळते. तासांचा तपशील येथे पुन्हा कामी येतो, कारण तो जितका नेटका तितके ते पत्र आखूड. जर्मन भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, म्हणजे शून्यापासून चार पायऱ्या, आणि नोकरी सांभाळून त्या चढायला वर्षभर सहज जाते. कागदांवर भारतात मिळणारा अपोस्टिल हा आंतरराष्ट्रीय शिक्का अनेक देशांत चालतो, पण हा शिक्का ज्या आंतरराष्ट्रीय करारावर चालतो त्यातील भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवल्याने तिथे तो पुरत नाही. तिथे पोहोचलेल्या भारतीय परिचारिकांना सर्वांत मोठा धक्का मात्र कामाच्या स्वरूपाचा बसतो. रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे इथे नातेवाईक आणि मावशी करतात, तर जर्मनीत ती पूर्ण शिकलेल्या परिचारिकेचीच मानली जातात. उलट शिरेत सुई घालणे, जे रोह्यातली सिस्टर डोळे मिटून करेल, ते तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. यात कमीपणा मानायचा की परिचर्येची अधिक जुनी आणि पूर्ण व्याख्या, हा दृष्टीचा प्रश्न आहे, पण जाण्यापूर्वी ते माहीत असावे.

परदेशी गेल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी संपू देणे ही सर्रास होणारी चूक आहे. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि आखाती परवाना हाती असताना ते निरर्थक वाटते. पण मस्कतमध्ये आठ वर्षे काढलेली परिचारिका जेव्हा ब्रिटनचा किंवा ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरते, तेव्हा आजवर जिथे जिथे नाव नोंदले त्या प्रत्येक परिषदेचे गुड स्टँडिंग मागितले जाते, आणि यादीत पहिले नाव मुंबईच्या कचेरीचे असते. मग थकलेले नूतनीकरण, विलंबशुल्क आणि लग्नाआधीच्या नावाची जुनी वही हे सगळे एकदम समोर येते, आणि मुखत्यारपत्र व झेरॉक्सची पिशवी घेऊन रोह्याहून सकाळची दिवा गाडी पकडण्याचे काम घरातल्या धाकट्या भावाकडे येते.